डाव्या पायाचा दाब

तात्या गळ्यातला टेप काढायला विसरले होते.

घरापासून इलियासभाईंच्या सायकलच्या दुकानापर्यंत आम्ही चालत आलो, चांगला अर्धा तास. पण माझ्या ते लक्षातच आलं नाही. डोक्यात फक्त सायकल होती. दुकानाच्या काचेत आम्ही दोघं दिसलो तेव्हा बघितलं. पिवळा टेप, दोन्ही टोकं छातीवर लोंबतायत. शेजारी मी, केसांना पाणी लावून आलेला.

"तात्या, टेप."

"आसू दे. तुला काय वजन होतंय का त्याचं?"

खरं सांगतो, लाज वाटली. आत भिंतीवर एकेक सायकल टांगलेली, ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकणारी. आणि आमचे वडील टेप घालून, बाहीला खडू लागलेला, पायात स्लिपर.

तात्या शिंपी. गोडोलीत पत्र्याचं दुकान, निम्मं काम शाळेच्या युनिफॉर्मचं. मी तेव्हा तेवीसचा. एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नावं-पत्ते भरायचो आणि रविवारी सायकल घेऊन डोंगरात पळायचो. रस्त्यावर नाही, पायवाटेनं. मुरूम, दगड, कारवीची झुडपं, गुरांच्या वाटा. शिकवलं कुणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, पडायचं, परत बघायचे.

कासच्या बाजूला एक कॅम्प सुरू होणार होता. तिथल्या भाग्यश्री मॅडमनी मला एका रविवारी उतरताना बघितलं आणि विचारलं, "ऑक्टोबरपासून पाहुण्यांना ट्रेलवर नेशील का? रोजचं काम आहे." मी तिथंच हो म्हणालो.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. तासभर चालवली की डाव्या गुडघ्याच्या मागं कळ यायची. दोन तासांनी कमरेत. घरी आलो की उंबऱ्यावर बसून गुडघा दाबत बसायचो. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले गुडघ्यात काही नाही, सायकल सोड, पोहायला जा.

मग मी ठरवलं. जुनी सायकल मित्राची घेतलेली, वाकडीतिकडी. दोष तिचाच असणार. नवी घ्यायची. हार्डटेल घ्यायची, म्हणजे पुढच्या चाकाला शॉकअप आणि मागं साधी कडक फ्रेम. चढाला हलकी, उतारालाही पुरते. दोन वर्षं त्यासाठी साठवत होतो. तिच्यावरही गुडघा दुखला तर मॅडमना नाही म्हणायचं आणि आयुष्यभर पत्ते भरायचे. एवढं साधं होतं.

तात्या का आले ते मला कळलं नव्हतं. माझ्या दहावीच्या निकालाला आले नव्हते ते. सकाळी चप्पल घालताना म्हणाले, "थांब, मीबी येतो." आई चुलीपाशी होती. तिनं एकदम वळून त्यांच्याकडं बघितलं आणि परत भाकरीकडं वळली.

"या या, हेंद्रे मास्तर!" इलियासभाई उठले. त्यांच्या पोरांचे युनिफॉर्म तात्याच शिवायचे. जाडजूड माणूस, पण स्वतः चाळीस वर्षं सायकल चालवलेला. "आज मास्तर आमच्या दुकानात. चहा सांगतो."

"चहा र्‍हाऊ दे. ह्याची सायकल बघू."

माझी ठरलेली होती. काळी, लार्ज फ्रेम, एकोणतीस इंची चाकं. महिनाभर फोनवर तिचे फोटो बघत होतो. व्हिडिओतले सगळे म्हणायचे, लांब सायकल उतारावर हलत नाही. आणि माझी उंची पाच-सात. मीडियम संपतं आणि लार्ज सुरू होतं त्या रेषेवर मी.

"लार्ज काढा," मी म्हणालो.

"मीडियम पण बघून घे की."

"लार्जच."

इलियासभाईंनी काढून दिली. मी टांग टाकली. फ्रेमची दांडी बरोबर नको तिथं टेकली. मी चेहरा सरळ ठेवला.

दुकानामागं मोकळी जागा होती, मुरमाची, एका बाजूला उतार. मी चढलो, उतरलो, वळवली. काय सायकल होती! शॉकअप दगड गिळत होता. मी हसतच परत आलो.

तात्या भिंतीला टेकून उभे. चेहऱ्यावर काही नाही.

"परत जा," म्हणाले. "पाठमोरा जा. सरळ. वळू नको."

"का?"

"जा म्हणतोय न्हवं."

गेलो. परत आलो. तात्यांनी मान हलवली.

"मोठी हाय. बारकी घे."

मला हसूच आलं. म्हणजे बघा, आमच्या घरात आयुष्यात एक वस्तू मापाची आली नाही. बूट घ्यायचे तर वाढत्या मापाचे, पुढं कापूस कोंबून. शर्ट वाढत्या मापाचा. पँट तर तात्याच शिवायचे, खाली हा एवढा दाब. दाब म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोरगं वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. सगळे शिंपी ठेवतात, पण तात्यांचा दाब सगळ्या साताऱ्यात मोठा. पोरं मला चिडवायची, दिग्याच्या पँटीत अजून एक पँट आहे म्हणून.

"तात्या, जन्मभर मला मोठं घातलंत. आता पहिल्यांदा मोठं शोभतंय, तर बारकी घे?"

इलियासभाई हसले. तात्या नाही हसले.

"कापड मोठं आसलं तर दुमडता येतं. लोखंड दुमडत न्हाय."

"ॲल्युमिनियम आहे ते."

"त्येबी दुमडत न्हाय."

"तुम्हाला काय कळतं हो सायकलमधलं? तुम्ही तर बसतसुद्धा नाही सायकलवर!"

हे खरंच होतं. तात्या सगळीकडं चालत. दुकानात, बाजारात, पार राजवाड्यापर्यंत. कुणी सायकल दिली तरी हातात धरून चालत यायचे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना येतच नसेल.

तात्या मुरमाकडं बघत राहिले. इलियासभाईंनी मध्ये तोंड घातलं. "दिगंबर, मास्तर बरोबर बोलतायत. मीपण बघत होतो. तुझं धड लांब आहे आणि पाय आखूड. लार्जवर तुझा पाय पॅडलला पुरत नाही. मीडियम चालवून तर बघ, बाबा. बघायला काय जातंय?"

मीडियम निळी होती. मला निळा आवडत नाही. पण टांग टाकली आणि दांडीनं त्रास दिला नाही. उतारावरून सोडली. आणि, काय सांगू. लार्ज मला घेऊन जात होती, हिला मी घेऊन जात होतो. वळणावर नुसता खांदा टाकला की ही वळली.

परत आलो तेव्हा मला कबूल करायचं नव्हतं, पण तोंडावर दिसत असणार.

"ही घे," इलियासभाई म्हणाले. मग डोळे बारीक करून, "पण एक आहे. हिच्यावरपण तुझी कंबर डावीकडं पडतेय. प्रत्येक पॅडलला. सीट थोडी खाली करू का? तुझ्या पायाचं माप घेतलं पाहिजे नीट."

त्यांनी ड्रॉवरमध्ये टेप शोधायला सुरुवात केली. तात्यांनी गळ्यातला काढला.

"हिकडं ये. भिंतीला टेक. बूट काढ."

मी बूट काढून भिंतीला उभा राहिलो. तात्या गुडघ्यावर बसले माझ्यासमोर. मला आठवतंय, त्यांच्या टकलावर घाम होता आणि बाहेर तर ऊनही नव्हतं. उजव्या पायाला टेप लावला, जांघेतल्या आसनापासून टाचेपर्यंत.

"साडेतीस."

इलियासभाईंनी वहीवर लिहिलं. "आणि डावा?"

"तीस."

"मास्तर, डावा मोजलाच नाही तुम्ही."

तात्या टेप गुंडाळायला लागले. बोटाभोवती, हळूहळू.

"मोजायची गरज न्हाय. आठरा वर्सं मोजतोय."

इलियासभाईंनी त्यांच्या हातातून टेप घेतला आणि स्वतः मोजलं. मग परत एकदा मोजलं. मग माझ्याकडं न बघता वहीत लिहिलं, तीस.

"काय आहे हे?" मी विचारलं.

इलियासभाईंनी वही मिटली.

"तात्या. काय आहे?"

तात्या अजून खालीच बसलेले, गुडघ्यावर. तिथूनच बोलले, माझ्या पायांकडं बघत.

"तू पाच वर्साचा हुतास. सायकलवर मागं बसवला हुता तुला. तू गाणं म्हणत हुतास, म्हणून मी मागं बघितलं न्हाय. पॅडल जड झालं. मला वाटलं चेन आडकली. म्हणून जोर लावला."

त्यांनी जमिनीवरचा माझा डावा बूट सरळ केला.

"दोनदा लावला."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"पाय चाकात गेल्ता. नडगीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणलं, जुळंल. जुळलं, पण आखूड जुळलं. डॉक्टर म्हणलं, पोर वाढत्या अंगाचं हाय, निघंल भरून. म्हणून दर दिवाळीला मोजायचो. नव्या कापडाच्या निमित्तानं."

मला सांगितलेलं वेगळं होतं. मला सांगितलेलं, तू जिन्यावरनं पडलास. आमच्या घराला तेव्हा जिनाही नव्हता हे मला त्या क्षणी कळलं.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगनार? लंगडा म्हणलं आसतं शाळेत. चालताना दिसत न्हाय, मी बघत आलोय. पँटीत दिसू दिलं न्हाय. डावा पाय आर्धा इंच वर शिवला, सगळ्या पँटींचा."

आणि मग मला जीन्स आठवली. कॉलेजला पहिल्यांदा रेडिमेड घेतलेली, माझ्या पैशांनी. बरोबर मापाची. दुसऱ्या दिवशी बघतो तर तात्यांनी ती उसवून परत शिवलेली. मी केवढा ओरडलो होतो. "माझी एक तरी वस्तू सोडा!" असं म्हणालो होतो. तात्या म्हणाले होते, "पायाची मोहरी उसवली हुती, घातली शिवून." बास, तेवढंच.

मोठ्या माणसासारखं वागलो असतो तर बरं झालं असतं. नाही वागलो. मी म्हणालो, "अठरा वर्षं खोटं बोललात." निळी सायकल तशीच उचलली, बूट घातले आणि बाहेर पडलो. पैसेही दिले नव्हते अजून.

किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत दामटली. पुढं चढ लागला तसा थांबलो. गुडघ्यामागं कळ यायला लागलीच होती, इलियासभाई खाली करू म्हणाले होते ती सीट वाटेत रागानं वर घेतली होती मी. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. खाली माझे दोन पाय. पँटीच्या दोन्ही मोहऱ्या बुटावर एकसारख्या टेकलेल्या, एका रेषेत, जशा आयुष्यभर टेकल्या. मी डावी मोहरी धरली आणि आत बोट घातलं. आत कापड होतं, दुमडलेलं, भरपूर. उजव्या मोहरीत बोट घातलं. तिथं कमी होतं.

मी तेवीस वर्षांचा होतो. अठराव्या वर्षी वाढ थांबलेली माझी. ही पँट गेल्या दिवाळीची.

तात्या अजून दाब ठेवत होते.

एक म्हातारी डोक्यावर जळण घेऊन उतरत होती, तिनं विचारलं, "काय रं, पडलास व्हय?" मी म्हणालो, "नाही मावशी." मग उतरलो. सायकल हातात धरून, चालत.

तात्या दुकानाच्या पायरीवर बसलेले. शेजारी चहा, वर साय धरलेली. मला सायकल धरून चालत येताना बघितलं आणि अर्धवट उठले. घाबरले होते ते. पहिल्यांदा त्यांचा घाबरलेला चेहरा बघितला मी.

"पडलास?"

"नाही. सायकलवर बसलो नाही. चालत आलो."

ते परत बसले. मीपण शेजारी बसलो. त्यांचा गार चहा उचलला आणि पिऊन टाकला.

"आज का सांगितलंत मग? सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"तू उंबऱ्यावर बसून गुडघा दाबतोस, मी घरातल्या मशिनवरनं बघतो. डॉक्टर सायकल सोड म्हणला, तेबी आईनं सांगितलं. म्हणलं, एकदा सायकलनंच घात केला. आता मी गप बसलो तर दुसऱ्यांदा मी करनार." बोटाभोवतीचा टेप सोडून परत गुंडाळला त्यांनी. "तू माझ्याशी बोलला न्हाईस तरी चालंल. पण सायकल सोडू नगं."

मी सायकलचंच बोललो. "निळी घेतो. मीडियम. पण डाव्या पायाचं काय करायचं?"

आतून इलियासभाई ओरडले, "सीट डाव्या पायाच्या मापानं लावू आणि डाव्या बुटाला खाली भर देऊ! अर्धा इंच! गुडघा गप बसतो का नाही बघ!"

"त्ये माझ्यावर सोडा," तात्या म्हणाले आणि उठले.

घरी येताना सायकल त्यांनी धरली. मी म्हटलं बसा की, मी धरतो मागनं. म्हणाले, गप चाल.

दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकांचे युनिफॉर्म तसेच पडले. तात्यांनी चप्पलवाल्या किसनमामांकडून टायरचं रबर आणलं. माझा डावा बूट पालथा करून, खडूनं आखून, कापून, निम्मं बुटाच्या तळाला लावलं आणि निम्मं कॅनव्हासमध्ये शिवून आत घातलं. चार वेळा उसवलं. पाचव्यांदा मला भिंतीला उभा करून समोर बसले. ह्या वेळी दोन्ही बाजूंनी मोजलं. कमरेच्या हाडापासून जमिनीपर्यंत, उजवं, डावं. परत उजवं, परत डावं.

मग आईला हाक मारली. "अगं, हिकडं ये. बघ."

ती आली, टेपकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

रविवारी तात्या किल्ल्याच्या पायथ्याशी आले, चालत. सगळं आवरून उभा राहिलो तर म्हणाले, "पाठमोरा जा." मी गेलो. मागं बघितलं नाही. पण मला माहीत होतं ते कुठं बघतायत. तीन तास चालवली त्या दिवशी. तिसऱ्या तासाला मी गुडघ्यातल्या कळेची वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. आली नाही. उतरताना मी मोठ्यानं गाणं म्हणत होतो, मला कळलंसुद्धा नाही. खाली आलो तेव्हा तात्यांनी ते ऐकलेलं. माझ्या डोक्यावरची धूळ झाडली फक्त. हेल्मेट होतं डोक्यावर, तरी झाडली.

नऊ वर्षं झाली ह्याला. कॅम्प चांगला चालतो. पाहुणे आले की मी आधी त्यांना म्हणतो, जरा पाठमोरे जाऊन दाखवा. हसतात लोक. मी त्यांची कंबर बघतो, सीट वरखाली करतो, कुणाला लार्जवरून मीडियमवर आणतो. निळी अजून माझ्याकडंच आहे. शॉकअप दोनदा बदलला.

एक राहिलं सांगायचं.

त्या रविवारी संध्याकाळी नवा डावा बूट घालून मी आरशासमोर उभा राहिलो तर पँटची डावी मोहरी वर चढलेली. अर्थातच, पाय आता अर्धा इंच लांब झालेला. मी माझी सगळ्यात जुनी खाकी पँट घेतली, धुऊन धुऊन पांढरी पडलेली, आणि तात्यांच्या मशिनवर नेऊन ठेवली.

"तात्या, डाव्याचा दाब सोडा."

त्यांनी चष्मा घातला. ब्लेडनं एकेक टाका उसवला, घाई न करता. घडी उलगडली, हातानं सरळ केली, इस्त्री फिरवली. परत शिवून माझ्याकडं दिली आणि दुसऱ्या कामाला लागले.

ती पँट मी अजून ट्रेलवर घालतो. सगळी विटलेली आहे. फक्त डाव्या पायाला अगदी खाली, अर्ध्या इंचाची एक पट्टी आहे, दुकानातून आणली तशी, कोरी करकरीत खाकी.